डेलीचा माड आणि निळं पिंप

डेलीच्या माडाचं नवं पान उघडलं ते कात्रीने कापल्यासारखं.

मी ते पाहिलं तेव्हा डेली, माझी लेक, माझ्या कडेवर होती आणि तिच्या गालात काहीतरी होतं. आधी बोट घालून ते काढलं. चिऱ्याचा खडा निघाला, लाल, चघळून गुळगुळीत झालेला. खडा लांब फेकला, तिचं तोंड फडक्याने पुसलं आणि मग पुन्हा माडाकडे पाहिलं. पानाच्या दोन्ही बाजूंच्या पात्या तिरक्या छाटलेल्या होत्या, डावीकडे जितक्या तितक्याच उजवीकडे. शाळेत कागदाची घडी घालून कापायचो आणि उघडलं की नक्षी दिसायची, तसं. बकरीने खाल्लं म्हणावं तर बकरी इतकी मोजूनमापून खात नाही. वाऱ्याने फाटलं म्हणावं तर कडा कुरतडलेल्या होत्या. मी चारी बाजूंनी फिरून आले. माड माझ्या छातीएवढा, त्याला लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी मी त्या दिवशी चार वेळा तिथे जाऊन आले.

हा माड कुणाचाही असता तर मी इतकी घाबरले नसते. पण या घराची एक पद्धत आहे. बाळाचा बाप्तिस्मा झाला की त्या आठवड्यात आजोबाने परसात एक माड लावायचा. खड्ड्यात मीठ आणि राख घालायची, नारळाचं रोप आजोबानेच आपल्या हाताने ठेवायचं आणि बाळाचं नाव त्या माडाला द्यायचं. विहिरीजवळ उभा आहे तो टोनी, माझा नवरा. समोरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, जरा वाकून उभी आहे ती विनीता, माझी नणंद. मी सावंतवाडीची. आमच्या आळीत घराला घर चिकटलेलं, माड लावायला जागा कुठली? लग्नानंतर पहिल्या महिन्यात माझी सासू भर जेवणात म्हणाली, "औंदा टोनीक काय लागला नाय, मुळात मीठ घालूक होया," आणि माझा घास तोंडातच राहिला होता.

डेलिशाचा, म्हणजे डेलीचा माड पापांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, गेल्या वर्षी मे महिन्यात लावला. एडवर्ड मास्तर म्हणून त्यांना सगळी वाडी ओळखायची. ऑगस्टमध्ये ते गेले. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला आणि पेपर आणीपर्यंत गेले. तेव्हापासून मांय, माझी सासू, रोज संध्याकाळी त्या रोपाला एक कळशी पाणी घालते आणि थोडा वेळ तिथेच उभी राहते. ती काय बोलते ते मी कधी ऐकलं नाही, पण ओठ हलताना पाहिलेत.

म्हणून त्या दिवसभर मी त्या कापलेल्या पानाभोवतीच फिरत राहिले. आणि तिथून वीस पावलांवर असलेल्या निळ्या पिंपाकडे माझं लक्षसुद्धा गेलं नाही.

त्या पिंपाची गोष्ट सांगायला हवी.

ऑक्टोबरमध्ये परसात पातेरा पडायला लागला की मांय रोज सकाळी तो झाडून ढीग करते आणि काडी लावते. फणसाचा, आंब्याचा, काजूचा, सगळा सुका पाला. धूर खालून खालून सरकत येतो आणि नेमका आमच्या खोलीच्या खिडकीतून आत शिरतो. डेली तेव्हा सात महिन्यांची होती. तिला खोकला लागला. रात्रभर मी तिच्या छातीवर कान ठेवून बसायचे. डॉक्टर म्हणाले धूर टाळा. मी मांयला सांगितलं.

"आमची पोरां धुरातच वाढली गो," मांय म्हणाली. "मच्छर तरी जातत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धूर.

भांडण मला जमत नाही. भांडायला लागले की माझाच आवाज कापतो. पण या घरात आल्यापासून मी एक गोष्ट ओळखून होते. इथे कुणी नको म्हटलं तर ऐकत नाहीत, पण कुणी काही हवं म्हटलं तर नाही म्हणत नाहीत. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मांय, माका पातेरो होयो."

"कित्याक?"

"खत करतंय. डेलीच्या माडाक."

ती काडेपेटी पदराखाली खोचून आत गेली. त्या दिवसापासून धूर बंद झाला.

आता खत करणं भाग होतं. मी कणकवलीच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बीएससी केलंय. कार्बन किती, नायट्रोजन किती हे मला कागदावर मांडता येतं. टोनी गोव्यात एका कंपनीत आहे, शनिवारी संध्याकाळी येतो. त्याने एक निळं पिंप आणलं, ड्रिलने त्याला चहूबाजूंनी भोकं पाडली आणि तीन चिऱ्यांवर ठेवून दिलं. तळाला नारळाची सोडणं घातली, त्यावर पातेरा, त्यावर स्वयंपाकघरातली सालं आणि देठं. कुंपणापलीकडच्या तुळसाकाकीने तिच्या गोठ्यामागच्या खड्ड्यातलं जुनं शेण दोन पाट्या भरून दिलं, विरजण म्हणून. मासळीचं काही घालायचं नाही, ते मांजराला, हा नियम मी भिंतीवर खडूने लिहिला.

पहिले पंधरा दिवस पिंप घाण मारत होतं. मी पेज आणि सोलकढीचा उरलेला गाळही आत ओतत होते. मग मी मोबाईलवरच्या एका ग्रुपात शिरले. घरच्या घरी खत करणाऱ्या दोनशे बायका, बऱ्याचशा पुण्या-ठाण्याच्या. त्यांनी सांगितलं ओलं कमी करा, सुकं वाढवा, आठवड्यातून दोनदा उलथा. मी बुधवारी, आणि रविवारी चर्चच्या मीसाहून आल्यावर उलथायला लागले. वास गेला. मध्यभागी हात धरवेना इतकी ऊब आली. किती ते कळावं म्हणून डेलीचा जुना थर्मामीटर मी काठीला बांधून आत खुपसला. तो आकडा न दाखवताच बिप बिप करत राहिला.

"पिंपाक ताप इलो काय गो?" मांय पायरीवरून म्हणाली. "औषध दी मगे तेका."

पापा गेल्यापासून तिने केलेली ती पहिली थट्टा. मला इतकं बरं वाटलं की मी खोटंच हसले आणि मग खरंच हसले.

पुढे झाकणाखाली पाणी साचून आतलं खत चिकट व्हायला लागलं. ग्रुपवर म्हणाले हवा हवी. मांयने काही न विचारता एका दुपारी माडाची झावळी, चुडत, घेऊन तिचा झाप विणला, गोल कापला आणि पिंपाच्या तोंडावर ठेवला. प्लास्टिकचं झाकण बाजूला पडलं. झापातून हवा खेळते, ऊन लागत नाही. मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. एकशे चार जणींनी टाळ्या वाजवल्या.

थंडीत पिंप निवलं. आणि फेब्रुवारीत उलथताना मला त्या अळ्या दिसल्या, दोन-तीन बाहेरही पडल्या.

अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, विळ्यासारख्या वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या. मी किंचाळले. डेली पाळण्यात होती ती रडायला लागली. तिला उचलून, दार लावून, खिडकीतून मोबाईल बाहेर काढून मी फोटो काढला, जणू त्या उडी मारून आत येणार होत्या. ग्रुपवर पाच मिनिटांत उत्तर आलं. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "अभिनंदन! हे आपले मित्र. खत लवकर करतात. अजिबात काढू नका."

मी चार वेळा विचारलं. नक्की ना? बाळ आहे घरात. त्यांनी चार वेळा हसरा चेहरा पाठवला.

मांय तोवर पिंपाशी पोचली होती. "हे कोंबयांका घाल," ती म्हणाली. "अंडी बरी देतली."

"नको मांय! ते खत करतत. ग्रुपवर सांगल्यानी."

"तुझ्या ग्रुपाक कोंबयो आसत?"

मी ऐकलं नाही. उलट कोंबड्या पिंपावर चढून झाप उसकटतील म्हणून टोनीकडून जाळी मागवली आणि पिंपाभोवती उभी केली. उलथताना अळी बाहेर पडली तर जुन्या चमच्याने उचलून अलगद आत ठेवायचे. मी त्या मोजल्या होत्या. तेवीस. जे माझ्या हातात असतं ते मला मोजावंच लागतं. डेलीचे दात, डेलीच्या शिंका, तेवीस अळ्या.

मार्चमध्ये डेलीचा पहिला वाढदिवस झाला. त्या सकाळी मी पिंपाच्या तळातलं काळंभोर खत तांदळाच्या जुन्या चाळणीने चाळलं आणि दोन घमेली तिच्या माडाच्या बुडात घातलं. मांयने एक मूठ उचलून वास घेतला. "एडवर्डान बघूक होया होता," एवढंच म्हणाली.

आणि आता मे महिन्यात हे कापलेलं पान.

दोन दिवसांनी बाबली आला. बाबलीकाका आमचे नारळ उतरवतो, पाऊस लागायच्या आधी एकदा येऊन सगळे माड साफ करून जातो. मांय त्या दिवशी कट्टा गावच्या बाजाराला गेली होती. बाबली विहिरीवरच्या टोनीवरून उतरला, घाम पुसला आणि पाणी पिता पिता त्याची नजर डेलीच्या माडाकडे गेली. तांब्या तसाच हातात घेऊन तो तिकडे चालत गेला.

"ह्या कवाथ्याक काय झाला?"

"तेच विचारूचा होता," मी म्हटलं. "कोणी कापल्यान की काय?"

"कापूक कोण येतलो? आतच बसलो आसा तो." तो उकिडवा बसला. पानाच्या बेचक्यात बोट फिरवलं. तिथे एक भोक होतं, माझा अंगठा जाईल एवढं, आणि त्यातून चघळलेला भुसा बाहेर आला होता. मी इतक्या वेळा फिरून आले होते आणि मला ते दिसलं नव्हतं. बाबलीने कमरेच्या पिशवीतून टोकाला वाकवलेली तार काढली, भोकात सोडली, हळूहळू फिरवली आणि खेचली.

तारेला काळा चकचकीत भुंगा लागून आला. सुपारीहून मोठा. डोक्यावर मागे वळलेलं शिंग. पाय हवेत चालत होते. डेलीने खेळणं समजून हात पुढे केला. मी तिला इतक्या जोरात मागे ओढलं की ती रडायला लागली.

बाबलीने भुंगा चिऱ्याखाली चेचला. "एकटो नसता ह्यो. जवळच खंयतरी घर आसतला." तो उभा राहिला आणि कुंपणापलीकडे तुळसाकाकीच्या शेणाच्या खड्ड्याकडे पाहू लागला. मग त्याचे डोळे फिरत फिरत निळ्या पिंपावर येऊन थांबले. "ह्या काय?"

"खत. घरातल्या कचऱ्याचा."

त्याने जाळी सरकवली, झाप उचलला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर माझी एक अळी वाकून पडली होती.

"आणि हो कोण?"

"ते... ते खत करतत."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. "बाय, हे त्याच भुंग्याचे पिल. शेणात, कुजक्यात वाढतत आणि पंख फुटले काय माडावर जातत. तू घरात भुंगे पोसलंस. किती आसत?"

"तेवीस होते."

"मोजलंस पण!" तो म्हणाला. आता मात्र थोडा हसला आणि तेच मला जास्त लागलं.

मी डेलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "माड वाचतलो?"

"कोम खाल्लो आसात तर गेलो. नाय खाल्लो तर मधली सुरळी वर येतली." पान उघडण्याआधीची जी हिरवी गुंडाळी शेंड्याच्या मधोमध उभी असते, तिला त्याने बोट लावलं. "हिच्यावर खूण कर. बाजूच्या देठावर तेच उंचीक दुसरी खूण. सुरळी वाढली तर खूण वर सरकतली. धक्को बसलेलो आसा, दोन दिवसांत हलाची नाय. पंधरा दिवस बग. नाय हलली तर नवीन रोप लावा." त्याने वाळू आणि मीठ मागून घेतलं आणि भोकात दाबून भरलं. जाताना फाटकाशी थांबला. "म्हातारेक कोण सांगतलो? मी नाय सांगूचंय. माका फुडल्या वर्सा पण हयसर येवचा आसा."

"मी सांगतंय," मी म्हटलं.

नाही सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं. मांय बाजारातून आली, पिशवी ओट्यावर ठेवायच्या आधीच तिला वाळू दिसली. "बाबलीन काय केल्यान?" मी म्हटलं, "भुंगो होतो आत. काढल्यान." हे खरं होतं. ती माडापाशी गेली, ते कापलेलं पान तिने हातात धरलं, पोराचा हात धरावा तसं. पाणी घालायची वेळ नव्हती तरी कळशी भरून घातली.

"ह्यो एकच ठेवन गेलो तो," ती म्हणाली. "बाकीचे सगळे तेच्या बापाशीन लायलेले."

मी तोंड उघडलं आणि डेली शिंकली. मी तिच्याकडे वळले. रोज शिंकते ती.

संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोजची जपमाळ, म्हणताना माझं मणी मोजणं चुकलं. पिंप पालथं घालावं तर मांय विचारेल का. तसंच ठेवावं तर आत जे उरलंय ते पंख फुटून बाहेर पडेल. मी दोनदा उठून खिडकीतून पाहिलं. पिंप आपल्या जागी होतं, झाप घातलेलं, जाळीच्या आत जपून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाशी आवाज चढला.

"तुका किती वर्सां सांगतंय, तो खड्डो बुजव म्हणान!" मांय ओरडत होती. "तुझ्या शेणातले भुंगे माझ्या नातीचो माड खातत!"

"माझो खड्डो वीस वर्सां थंयच आसा!" तुळसाकाकी हातातला खराटा आपटत म्हणाली. "तुझे टोनी आणि विनीता उभे आसत मां? ते कोणी खाल्ले नाय ते? मी वर्साक दोन वेळा खड्डो उपसतंय, कोंबयो सोडतंय तेच्यात. माका शिकव नको तू, कार्मीन!"

"मगे खंयसून इलो तो?"

"माका काय इचारतंस? देवाक इचार! तुझ्या सुनेन शेण मागल्यान तेव्हा दोन पाट्ये भरून दिलंय. चाय सुदिक घेवक नाय तुमच्याकडची. आणि आज माझाच शेण वायट?"

बोलता बोलता तिचा आवाज फुटला. मास्तर गेले तेव्हा नऊ दिवस आमच्याकडे पेज घेऊन येणारी हीच. मी डेलीला घेऊन पायऱ्या उतरले. आवाज कापणार हे माहीत होतं आणि तो कापलाच.

"मांय, भुंगो आमच्या पिंपातलो."

दोघी वळल्या.

"तुळसाकाकीचो काय एक संबंध नाय. ते किडे... तू सांगलंस कोंबयांका घाल, मी घालूक नाय. मी पोसले. ते भुंग्याचेच पिल. बाबलीकाकान दाखवल्यान."

"केव्हा दाखवल्यान?"

"काल."

"काल," मांय म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ती घरात गेली. मला वाटलं काडेपेटी आणायला गेली. आता पिंप पेटणार, मग रोज पातेरा पेटणार, मग पुन्हा तो खोकला. मी डेलीचं डोकं खांद्यावर दाबून धरलं आणि तुळसाकाकीकडे पाहिलं. ती डोळे पुसत उभी होती.

मांय बाहेर आली ती कोंबड्यांचं खुराडं उघडत. जाळी तिने एका हाताने उपटून फेकली, पिंपाला खांदा लावला आणि ते आडवं केलं. काळं खत अंगणभर सांडलं. कोंबड्या धावल्या.

"उभी काय रवलंस?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "चेडवाक तुळसाकडे दी आणि दांडो घे."

मी डेलीला कुंपणावरून तुळसाकाकीच्या हातात दिलं. पहिल्यांदाच अशी न विचार करता दिली. दांड्याने ढीग पसरत गेले. कोंबड्यांनी अळ्या उचलल्या, एकमेकींच्या चोचीतून ओढल्या. तुळसाकाकीने कडेवर डेलीला घेऊनच आपलं खुराडं उघडलं. "माझी पण सोडतंय गे, कार्मीन."

"सोड," मांय म्हणाली.

मी मोजत होते. नऊ. ढीग पुन्हा उलथला, सोडणं झटकली, पिंपाच्या तळाला हात घातला. नऊच. बाबलीने चेचलेला भुंगा एक. तेवीसातून दहा गेले. तेरा कुठे होते?

पुढचे दिवस मी वर बघत काढले. लग्नातल्या नेलपॉलिशची लाल बाटली कपाटात होती. तिने मी सुरळीवर एक रेघ ओढली आणि बाजूच्या देठावर त्याच उंचीला दुसरी. सकाळी उठल्या उठल्या जायचे, डेलीला भरवून झाल्यावर जायचे, कपडे वाळत घालताना जायचे. दोन्ही रेघा एका ओळीत. मग टोनीच्या शेंड्याकडे बघायचे, मग विनीताच्या, तेरा भुंगे कुठल्या बेचक्यात बसलेत ते इतक्या खालून काय दिसणार? झोपेत मला कुरतडण्याचा आवाज यायचा आणि मी उठून डेलीचं नाक चाचपायचे.

मांय माझ्याशी बोलत नव्हती. म्हणजे डेलीशी बोलायची. "तुझ्या आवशीक सांग, भात झालो." "तुझ्या आवशीक सांग, गॅस संपत इलो." आणि पातेरा तिने झाडणं सोडलं होतं. अंगणात फणसाची पानं तशीच पडून होती. जाळतही नव्हती, मला देतही नव्हती. पिंप आडवं पडलेलं. पानांवरून चालताना रोज जास्त आवाज व्हायचा.

शनिवारी टोनी आला. सगळं ऐकून घेतलं. जेवताना म्हणाला, "जातंय तर जांव दे, मांय. नर्सरीत चांगली रोपां मिळतत. उद्या हाडतंय एक."

मांयने ताटातला हात थांबवला. "तुझो पापा मिळता काय रे नर्सरीत? मिळता तर तो पण हाड."

टोनी पुढे जेवला नाही. मीही नाही.

नववा दिवस. दहावा दिवस. सुरळीचा रंग मला फिका वाटायला लागला. मी मोबाईलमध्ये रोज फोटो काढत होते, कालचा आणि आजचा शेजारी ठेवून बघत होते. ग्रुपवर मी लिहिलं होतं की त्या अळ्या माडाच्या भुंग्याच्या होत्या, ज्यांच्याकडे माड आहेत त्यांनी जपा. पुण्याच्या बाईंनी लिहिलं, अगंबाई, आम्हाला माड कुठे! आणि पुढे एक रडका चेहरा.

अकराव्या दिवशी सकाळी डेली माझ्या हाताला धरून चालत तिथवर आली. नुकतीच पावलं टाकायला लागली होती. तिने लाल रंग बघून बोट लावलं. आधी देठाच्या रेघेवर. मग हात थोडा उचलून सुरळीच्या रेघेवर.

हात उचलून.

मी खाली बसले. सुरळीची रेघ वर होती. किती? डेलीच्या एका बोटाएवढी. मी तिचं बोट धरून मध्ये ठेवलं, ते बरोबर बसलं. मग मला वाटलं देठच खाली झुकला असेल. पॉलिश ओघळलं असेल. मी पदराने पुसून पाहिलं, ओघळलेलं नव्हतं. कालचा फोटो काढला. कालही किंचित फरक होता, मला दिसला नव्हता.

"मांय!" मी हाक मारली. आवाज असा निघाला की ती अनवाणीच धावत आली, डेलीला काही झालं समजून. डेली उभी बघून ती थांबली, छातीवर हात ठेवला. मी नुसतं बोट दाखवलं.

तिने चष्मा नीट केला. वाकली. एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर बोट नेलं, परत आणलं, परत नेलं. सुरळीच्या टोकाला नख लावलं, लगेच काढलं. मग तिथेच जमिनीवर बसली आणि तिने चष्मा काढून साडीला पुसला. पुसतच राहिली.

"हललो," ती म्हणाली. अकरा दिवसांनी ती मला म्हणाली. डेलीला नाही.

"हललो," मी म्हटलं.

ती उठली. झाडू घेतला आणि अंगणाच्या त्या टोकापासून झाडायला लागली. मी डेलीला घेऊन पायरीवर बसले. ढीग झाला. मांयने तो पाटीत भरला, दोन पाट्या झाल्या. पदराखाली हात गेला तेव्हा मला काडेपेटी आठवली. पण तिने फक्त घाम पुसला.

"घे," ती म्हणाली आणि पाटी माझ्यासमोर ठेवली. "पण दर आयतारी सगळा भायर काडून उलथूचा. आणि कोंबयांका आडवायचा नाय."

"नाय आडवायचंय."

"आणि तो झाप काड, तेच्यातसून भुंगो शिरता. माझाच डोक्या, झाप घातलंय ती मी."

आम्ही दोघींनी मिळून पिंप उभं केलं. कोंबड्यांना अडवायला आणलेली जाळी दुमडून मी तोंडावर बसवली, कडेने तारेने आवळली. भुंगा आत जाणार नाही, हवा जाईल. उलथायच्या दिवशी काढायची. तळाला सोडणं घातली, वर पातेरा. कुंपणाशी तुळसाकाकी येऊन उभी राहिली होती. "शेण देव काय गो?" तिने विचारलं. "चाळून देतंय ह्या बारीक."

"आधी चाय घे," मांय म्हणाली. "मगे दी."

त्या दोघी आत गेल्या. कपबश्यांचा आवाज आला. डेली पायरीवर बसून फणसाचं पान तोंडात घालत होती, ते मी काढून घेतलं. मग कपाटातून लाल बाटली आणली. तळाला थोडंसं उरलं होतं, ब्रश खरवडून घ्यावा लागला. विहिरीवरच्या टोनीच्या शेंड्याकडे एकदा पाहिलं, खालून काहीच कळत नव्हतं. डेलीच्या माडापाशी बसले आणि देठावर, सुरळीच्या रेघेच्या बरोबर उंचीला, नवी रेघ ओढली.